गोटीचा तास

सातवीच्या वर्गात पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडत नाही.
खिशातून गोटी काढते, काचेची, हिरवी,
टेबलाच्या पायाशी ठेवते
आणि हात काढून घेते.

गोटी निघते.
दुसऱ्या बाकाखालून, एर्चिमच्या लोकरी बुटांना वळसा घालून,
खिडकीखालच्या रेडिएटरवर जाऊन टण्णकन आदळते.
"अकरा सेकंद!" मिचिल ओरडतो. आज घड्याळ त्याच्याकडे आहे.
वही बघ, मी म्हणते.
मागच्या सातवीने लिहिलंय: चौदा.
त्याच्या आधीच्या सातवीने: एकोणीस, शाई फुटलेली.
मी या गावात रुजू झाले तेव्हा
ही गोटी ठेवली तिथेच बसायची.

आता सांगा, तिला ढकललं कोणी?

याकुतियात शाळा खांबांवर उभ्या राहतात,
खांब मातीत,
आणि माती हजारो वर्षं गोठलेली,
इतकी, की आपण खडकच आहोत
असं सोंग तिने चोख वठवलं होतं.
आता सोंग उतरतंय. एवढंच.
एवढंच, म्हणते मी, आणि फळ्यावर खांब काढताना
तो माझ्याही नकळत तिरका येतो.

एर्चिमचं बोट वर.
"वार्वारा येगोरोव्हना, गेल्या आठवड्यात उणे त्रेपन्न होतं,
आम्हाला थंडीची सुट्टी मिळाली. मग तापतंय कुठे?"
प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण.
तुझ्या बाबांची ती करडी घोडी आठव.
आज ती लाथ मारेल, उद्या खांद्यावर मान टाकेल,
ती झाली हवा.
पण तिच्या अंगावरची ती दाट लव,
किती हिवाळ्यांनी मिळून विणली असेल ती?
ते हवामान.
एक थंड आठवडा म्हणजे एक लाथ रे बाबा.
"आणि सुट्ट्या? त्या कमी होणार?"
होतील.
वर्ग पहिल्यांदाच खरोखर हळहळला.

मग उष्ट्याची गोष्ट.
एका मॅमथने अर्धंच खाल्लेलं गवत
मातीत गाडलं गेलं, गोठलं, तसंच राहिलं.
माती सैल झाली, की सूक्ष्मजीव जागे होतात,
पानावर बसतात, ते उष्टं संपवतात
आणि ढेकर देतात.
ढेकर वर जातो, वर जाऊन पांघरूण होतो,
पांघरुणाखाली माती आणखी सैल,
आणखी उष्टं, आणखी ढेकर.
हसले सगळे. हसू दिलं.
नोव्हेंबरात तळ्याच्या बर्फात अडकलेला बुडबुडा फोडून
मी काडी पेटवली होती, तेव्हाही हसले होते,
ज्वाळा माणसाएवढी उठली
आणि माझ्या एका भुवईचा वास आला तोवर.

तुस्काना हसली नाही.
त्यांच्या जमिनीखालच्या बर्फघरात यंदा घोट्याएवढं पाणी आहे;
मांस आता काकाच्या फ्रिजमध्ये असतं, त्याच्या मर्जीने.
"पहिली काडी कोणी पेटवली?" तिने विचारलं.
"मॅमथने तर नाही."

मी खिडकीकडे बघितलं. उत्तर तिथेच होतं:
आमच्याच शाळेच्या कोळशाच्या बॉयलरचा धूर,
कडक थंडीत असतो तसा सरळ,
उत्तर येणाऱ्या मुलाने
बोट वर करावं तसा.
लांबच्या शहरांचे धूर याहून कितीतरी मोठे,
तेही आकडे फळ्यावर लिहिले, खाडाखोड न करता.
पण रेडिएटरला पाठ लावून बसलेली मुलं
हळूच सरकून पुढे बसली
आणि दोन मिनिटांनी, थंडी वाजली तेव्हा,
हळूच परत मागे गेली.
मी काही बोलले नाही. मीही शाल घट्ट केली.

घंटेआधी वहीत नोंद झाली: अकरा.
खाली पुढच्या सातवीसाठी एक ओळ रिकामी.
तुस्कानाने कोपऱ्यातून गोटी उचलून आणली,
टेबलाच्या पायाशी ठेवली
आणि तिच्यावर बोट दाबून धरलं.
"अशी धरली तर?"
किती वेळ धरशील?
ती विचार करू लागली, खरोखरचा विचार,
कपाळाला आठी घालून.

घंटा झाली. बाकीचे टोप्या शोधत पळाले.
तिचं बोट अजून तिथेच.