सक्री ब्याडरी

बेळगाव सोडलं की मला
कानडीचं एवढंच वाक्य पुरतं:
सक्री ब्याडरी.
चहावाले हसतात, कप बदलतात.

आज शलाकाच्या साखरपुड्याला गोकाकला निघाले.
गोळी नऊला घेतली,
जेवण तिथंच ठरलेलं.
अंकलगीच्या अलीकडे बस पंक्चर.

दीड वाजता बोटं थरथरली,
दुकानाच्या पाटीवरची अक्षरं
होती त्याहून गोल झाली.
मांडीवर वरपक्षाचा दोन किलो कुंदा,
सुतळीची गाठ सुटेना.

शेजारणीला म्हटलं, सक्री…
आणि पुढं नुसतं ब्याड, ब्याड.
तिनं माझ्या कपाळावरचा घाम पाहिला.
दातानं सुतळी तोडली.

गोकाकात डबा ठेवला
रिकामा कोपरा भिंतीकडे करून.
विहीणबाईंनी चहा पुढं केला.
मला एकदम वाक्यच आठवेना.