चर क्रमांक सात

मेटॅडोर बंगाली चौकातून सुटते पावणेसहाला.
आत अकरा फावडी, सात माणसं,
कुणाचाच नसलेला एक मफलर,
आणि तस्नीमच्या मांडीवर जपून आडवी ठेवलेली काठी,
इंचाइंचाला लाल पट्टे मारलेली.
मी सगळ्यांत वयस्क. मला पुढची सीट देतात.
घरी सांगून आलेय, फिरायला जाते.

पिपल्याखेडीच्या मागे
नकाशात अजून जिला दलदल म्हणतात
ती जमीन.
तिच्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत जातो.
काळ्या मातीचं असंच.
पाणी गेलं की ओरडत नाही,
नुसतं तोंड उघडं टाकते.

गेंदालालजी सांगतात, यां कमर-कमर पाणी थो, बाई,
लव्हाळ्यात म्हशी हरवायच्या,
त्यांच्या घंटेवरून शोधायच्या.
मग सरकारने चर खणला.
सहा फूट रुंद, उतार धरून, नाल्यापर्यंत सरळ.
त्यात दोष काढता येणार नाही.
मी काढून पाहिला.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत ट्रेसिंग क्लॉथवर
ही रेघ मीच ओढली होती.
श्वास धरून,
कारण शेवटच्या इंचावर शाई सांडली
तर अख्खं काम पुन्हा.
साहेब म्हणाले, वा मिस कर्पे, केसासारखी!
बढती नाही मिळाली. ते वाक्य मिळालं.
चाळीस वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

आता त्याच चरात बांबू ठोकायचे, दोन ओळी,
मध्ये मातीने भरलेली गोणपाटं,
वर पुन्हा माती, आणि ती तुडवायची.
तुडवायला शिक्षण लागत नाही.
लोकेंद्र बँकेत कर्ज विभागात आहे,
चिखलात पाय रुतला की त्याला हसू आवरत नाही,
आणि त्याच्यामुळे मला.

तिसऱ्या रविवारी बांध फुटलेला होता.
फुटलेला नाही, फोडलेला.
गोणपाटांवर कुदळीचे घाव,
पण बांबू एकावर एक नीट रचून ठेवलेले.
ज्याने केलं त्याला वस्तूची किंमत होती.
तो तिथेच उभा होता, भेरूलाल.
म्हणाला, काठाला लसूण आहे माझा,
पाय भिजले की कुजतो.
तुम्ही रविवारी येता.
मी रोज असतो.

कुणी काही बोललं नाही.
बरोबर असलेल्या माणसापुढे
फावडं धरून उभं राहणं फार अवघड असतं.

मग मी कागद मागितला.
पोह्यांचा होता, तेलकट, जिरावण लागलेला.
वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर
मी उतार काढून दाखवला.
बांध इथून पंचवीस पावलं वर नेऊ,
पाणी इथपर्यंत चढेल,
लसूण हा, याच्या खाली, कोरडा.
तो कागदाकडे बघतच नव्हता,
माझ्या हाताकडे बघत होता.
पट्टीशिवाय इतकी सरळ?
सवय, मी म्हटलं.
पुढचं घशापर्यंत आलं होतं,
ते तिथेच बसलं.
पहिला बांबू त्यानेच ठोकला,
आमच्यापेक्षा बराच चांगला.

आज पौषातली थंडी,
काठीवर साडेचार पट्टे पाणी.
साडेचार इंचांत काय बुडतं?
दोन भेगा, एक चप्पल,
आणि आभाळाचा सतरंजीएवढा तुकडा.
लांब लाल पायांचे दोन शेकाटे उतरले,
जागा भाड्याने बघायला आल्यासारखे
इकडून तिकडे फिरले, आणि गेले.
लोकेंद्र म्हणाला, भाव करतायत.

तस्नीमने रजिस्टर पुढे केलं. जागेचं नाव लिहा, आंटी.
हाताने आपोआप लिहिलं: चर क्रमांक सात.
अक्षरही तेव्हाचंच, ठाशीव, उभं.
ती वाचून थांबली.
सात?
मग बाकीचे सहा कुठे आहेत?

मी काठीवरचा चिखल पुसत राहिले,
पहिल्या पट्ट्यापासून.
गाडीत सांगते, म्हटलं.
पुढच्या सीटवर नको,
आज मागे बसते तुमच्यात.