आवाक्यातला पाय

त्याचं आडनाव नाम.
उद्यमनगरात पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, नाव काय,
तो म्हणाला, नाम,
आणि चहा येईपर्यंत हसणं थांबलं नाही. त्याचंही.

कोरियातनं ओतकामाचं यंत्र बसवायला आठ महिने आलेला हा माणूस
पहाटे साडेपाचला रंकाळ्याच्या कडेला
नाचायचा. मला तसंच वाटलेलं.
ढगळ पांढरा सदरा, हात वाऱ्यावर सोडलेले,
तीन पावलांचा त्रिकोण,
गुडघे लवत, उठत, पुन्हा लवत,
जसं कुणी कुडाच्या भिंतीसाठी चिखल तुडवतंय
आणि घाई अजिबात नाही.
तोंडातून फक्त: इक्. एक्. इक्. एक्.

मी म्हटलं, साहेब, पुढं दोन असतं.

माझा डावा गुडघा एकोणिसाव्या वर्षी गेला,
ढाक मारताना, एका जत्रेच्या फडात,
बक्षीस होतं पितळी घागर.
कान तेवढा पैलवानाचा उरलाय, मिटलेल्या मुठीसारखा.
आता लेथवर उभा असतो. बुश काढतो,
केसाच्या जाडीएवढी चूक मापतो.

हिंदुराव वस्ताद म्हणायचे,
लाथ गाढवाची, पकड माणसाची.
आमच्यात पाय लागला तर हात छातीला जातो,
वहीला लागला तरी, केरसुणीला लागला तरी.
आणि हा म्हणतोय, मार. इथं. गालावर.
तीन आठवडे माझा पाय उचललाच नाही.
दोष गुडघ्याचा नव्हता.

मग त्यानं नियम सांगितला,
थोडा मोडक्या हिंदीत, बाकी हातवाऱ्यांत:
एक पाय पुढं ठेवायचा,
समोरच्याच्या आवाक्यात.
ठेवायचाच. लांब राहून लढायचं नाही.
त्या ठेवण्याला त्यांच्यात जो शब्द आहे
तोच पाहुण्याला जेवू घालण्याचा.

मी कठड्यावर बसलो जरा वेळ.
म्हणजे पाट मांडावा, तांब्या भरून ठेवावा
तसा हा आपला घोटा ठेवतो.
घ्या. पाडा मला.

लाथ फटकारायची नसते, हेही त्याच आठवड्यात कळलं.
ढकलायची,
आत कुणी झोपलंय हे माहीत असताना
दार ढकलतो तशी.

मी त्याला पहिल्यांदा पाडला तो मंगळवार होता.
गवतात उताणा पडून तो म्हणाला, एक्,
आणि उठेचना, हसत होता.
त्या रात्री पांढरा रस्सा चार वाट्या प्याला,
पाचवीला गप्प झाला.
म्हणाला, माझ्या गावात हे शिकायला कुणी येत नाही,
पोरांना पट्टा पाहिजे, पदक पाहिजे, याच्यात तसलं काही नाही.
मी आमच्या तालमीचं सांगितलं.
हौद्यातल्या मातीला ताक पाजायला माणूस मिळत नाही, असं.
दोघांनीही विषय वाढवला नाही.

मार्चमध्ये यंत्र सुरू झालं.
फाटकाशी गाडी थांबलेली, ड्रायव्हर घड्याळ बघतोय,
आणि नामसाहेबानं बूट घातलेला पाय पुढं ठेवला.
मी माझा ठेवला.
ऑइलचे डाग पडलेली चप्पल, अंगठा तुटका.
कुणी कुणाला पाडलं नाही.

आता पहाटे मी एकटाच.
त्रिकोण जमतो, डाव्या गुडघ्यावर थोडा लंगडा.
फिरायला येणारे आधी थांबायचे, आता वळसा घालून जातात.
पुढं ठेवलेल्या पायासमोर
नुसतं पाणी, शेवाळ, एक टिटवी.

काल सोनटक्केबाई थांबल्या,
रेशन ऑफिसातनं रिटायर, मोज्यांवर चप्पल.
गुडघ्याला बरं का हो हे?
ठाऊक नाही, मी म्हटलं. पाय पुढं ठेवा.
नाही, एवढा लांब नाही.
मला लागेल इतका.

त्यांनी ठेवला,
आणि मी हलायच्या आतच,
काही लागायच्या आतच,
वाकून नमस्कार केला.