दात कोरून

फर्मीन आता झांजा वाजवतो.
सात वर्षांपूर्वी तो माझ्या डाव्या हाताला असायचा,
पहिला ट्रम्पेट. त्याचा वरचा सूर लागला
की ओरुरोच्या गल्लीतली कुत्री भुंकायची थांबायची.
मग एका लग्नात, नाच अगदी रंगात आलेला असताना,
त्याचा पुढचा दात हलला
आणि सूर बाजूने गळायला लागला.
झांजांना दात लागत नाहीत.
तो कुरकुरला नाही कधी. फक्त हसताना
ओठ मिटून घेतो.

हे मला दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आठवलं.
सुल्मा कोंदार्को, वय असेल अठ्ठावीस.
हातातली बारीक सळई हिरडीत बुडवत
त्या मदतनीस पोराला आकडे सांगत होत्या:
तीन, तीन, दोन. तीन, पाच, सहा.
मी खुर्चीच्या टोकाशी पायाने ठेका धरला होता.
सहावर जोर द्यायचा असेल, असं वाटलं.

"सहा वाईट," त्या म्हणाल्या.
"दात ठणठणीत आहे हो तुमचा.
त्याच्याखालची जमीन खचतेय."
खाणीच्या गावात हे दोनदा सांगावं लागत नाही.
आमच्या इथे घराला तडा गेला
तर लोक आधी भिंत बघत नाहीत.

काडेपेटीपेक्षा लहान डबी, आत पन्नास मीटर दोरा.
म्हणजे माझ्या दारापासून पावाच्या दुकानापर्यंत.
रोज हातभर तोडायचा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा,
आणि दोन दातांच्या मधे, हळू,
करवतीसारखा नाही.
माझ्या बोटांना तीन खटके दाबायचं ठाऊक, एवढंच.
पहिल्या रात्री अख्खी मूठ तोंडात गेली
आणि बेसिनमध्ये गुलाबी पाणी.

असुन्ता दारात उभी राहून म्हणाली,
अठ्ठावन्नाव्या वर्षी हा काय नवा चाळा?
मी म्हटलं, बाई म्हणाल्या, रक्त येतं म्हणून थांबू नका,
येतंय म्हणूनच करा.
तिला ते पटलं नाही. मलाही नव्हतं पटलं.
पण बुधवारी मागच्या दाढेतून
रविवारच्या लामाच्या सुक्या मांसाचा धागा निघाला,
आणि आम्ही दोघं तो दिव्याखाली धरून
बराच वेळ बघत बसलो.

तिची आई म्हणायची, दात कोरून पोट भरत नाही.
भरतं, सासूबाई.
तुमच्या लेकीच्या चुलीवर जे शिजलं तीस वर्षं,
ते या समोरच्या दोन दातांनी आणलं.
मीच त्यांच्याकडे कधी बघितलं नाही.
ट्रम्पेट मात्र रोज पुसायचो, मऊ फडक्याने,
आतून, बाहेरून, रोज.

तिसऱ्या आठवड्यात पाणी पांढरं राहिलं.
मी कुणाला सांगितलं नाही.
काय सांगणार? हिरडीतून रक्त आलं नाही आज?
थंडीत नळ गोठायचा, तेव्हा किटलीतलं कोमट पाणी,
एकदा दारू चढलेली असताना भिंतीला टेकून,
दोन रात्री चुकल्या, त्या चुकल्याच.

कार्निवलला पंधरा तास वाजवलं.
पहाटे चर्चच्या पायऱ्यांवर सगळे आडवे,
ओठ सुजलेले, कुणाच्या डोक्याखाली ढोल.
जांभळ्या मक्याचं गरम पेय घेऊन एक पोरगी फिरत होती.
मी खिशातून डबी काढली.
टर्र करून दोरा तोडला, आणि हशा पिकला.
ट्रॉम्बोनवाला म्हणाला, उस्ताद, मासे पकडताय?
मी तोंड उघडं ठेवून काम करत राहिलो,
बोलता येत नाही त्या वेळी, ते एक बरं.

फर्मीन बाजूलाच बसला होता, झांजा मांडीवर.
तो हसला नाही.
बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिला,
मग हात पुढे केला.
"दे इकडे," तो म्हणाला. "सतरा उरलेत."
मी हातभर तोडला. मग
आणखी थोडा.