दाबमापक

ओमारूच्या बंदराशी, भंगाराच्या शेडमध्ये
मोर्वेन टेट शिरली ती निव्वळ वारा चुकवायला.
सकाळीच दुकानातल्या पोराने फोन परत केलेला:
"हा उघडत नाही, मॅडम. नवाच घ्या."

फळीवर एक पितळी दाबमापक,
कुठल्याशा बंद पडलेल्या लोणी-कारखान्याच्या बॉयलरचा,
काटा चाळिसावर रुसून बसलेला.
पाच डॉलर. वर स्क्रूड्रायव्हर उसना.

चार स्क्रू. बस्स, चारच.
आत एक वाकडी नळी, एक दातेरी चकती,
केसाएवढी स्प्रिंग,
आणि झाकणाच्या पोटात, पेन्सिलीने:
मंगळवारी साफ केला.
कुठला मंगळवार, कोण जाणे.

तिने नळीत फुंकर मारली.
काटा हलला.
फार नाही,
एकेचाळीस.

आता जूनच्या कडक थंडीत, जत्रेत,
टोपीवर तो मापक मिरवत ती उभी असते
चुनखडीच्या पांढऱ्या खांबांपाशी,
आणि कुणी ना कुणी विचारतंच:
राणीचा तो जमाना फार आवडतो वाटतं तुम्हाला?

"छे हो! त्या जमान्यात मी
कुणाच्या तरी फरश्या पुसत असते."

मग टोपी काढून पुढे करते.
"फुंका."