पाच मैलांवरून

बार्न्सलीच्या बाजारात, चावीवाल्याच्या शेजारी
माझं सात बाय नऊचं दुकान.
इथे जो येतो तो उशिराच येतो.
कुणाच्या हातात तांदळाच्या पिशवीत खुपसलेला फोन
(तांदळाचा भात होतो, मी सांगते, दुसरं काही होत नाही),
कुणाच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली डिस्क,
तापानं फणफणलेलं पोर आणावं तशी.
मी विचारते, दुसरी प्रत कुठे आहे?
मग सगळेच माझ्या मागच्या भिंतीकडे बघतात.

फरशीवाल्या डेरेककडे प्रत होती.
त्याच संगणकाला बारा महिने तेरा काळ जोडलेली.
कुणीतरी दुरून कुलूप घातलं, पैसे मागितले,
तेव्हा दोन्हींना एका दमात घातलं.
सोळा वर्षांची उधारी, कोटेशनं, पोरांचे पगार.
"पण शेजारीच तर होती ती," तो म्हणत राहिला.
शेजारीच होती, डेरेक.

क्लिफर्ड हेग आले फेब्रुवारीत.
कबुतरांच्या शर्यती लावणाऱ्या क्लबाचे चिटणीस,
वय एक्याऐंशी. टोपी काढून काउंटरवर ठेवली.
बावीस वर्षांच्या वंशावळी:
कुठल्या नराला कुठली मादी, कोण धुक्यात गेलं,
कोण फ्रान्सहून दिवस मावळायच्या आत परतलं.
मी डिस्क कानाशी धरली. आत
पत्र्यावर नख ओढल्यासारखं.
म्हटलं, नाही निघणार.
"बरं, लव," म्हणाले, आणि टोपी घातली.
यापुढचं वाक्य मला कुणी शिकवलेलं नाही.

एप्रिलमध्ये परत आले, वही घेऊन.
एकेक कबूतर हातात धरून, पायातल्या कड्यावरचा आकडा
भिंगातून वाचून उतरवला होता. एकशे चौदा.
आईबाप कोण, ते बायकोच्या जुन्या कॅलेंडरांवर सापडलं,
दुधाच्या हिशेबाला लागून, तिच्या तिरक्या अक्षरात.
म्हणजे प्रत होतीच की;
थोडी खुराड्यात घुमत होती,
थोडी खिळ्याला टांगलेली.
मेलेल्या पाखरांच्या ओळी मात्र भरता आल्या नाहीत.
त्या त्यांनी जागा सोडून कोऱ्या ठेवल्या.

मी माझं पाठ केलेलं सांगितलं:
तीन प्रती करा, एक तारेवेगळी ठेवा,
एक पुतणीकडे, वेकफिल्डला.
मान डोलावली त्यांनी. मग विचारलं,
"आणि ती परत येते का, हे कधी पाहतेस?"
पिल्लू आधी पाच मैलांवरून सोडतात, म्हणाले.
मग दहा. मग वीस.
पहिल्याच खेपेला समुद्रापार नेणारा
रिकामी टोपली बघत बसतो.

त्या रात्री मी माझाच बॅकअप उघडला.
नऊ वर्षं, दर रविवारी, हिरवी खूण यायची.
फोल्डर होते, नावं होती, तारखा होत्या.
तीन वर्षांपूर्वीच्या एका मार्चपासून पुढे
सगळ्यांचं वजन शून्य.
मूळ अजून धडधाकट होतं, नशीब माझं.
लोकांना विहिरी खणायला सांगणारी मी
कोरड्या आडावर पोहरा ठेवून झोपत होते.

सगळं पुन्हा लावलं. पुढच्या रविवारी
दुसऱ्या संगणकावर एकच फाइल मागवली, छोटीशी,
आणि दारात उभं राहून आभाळाकडे बघावं
तशी पडद्याकडे बघत बसले.
चहा निवला.
मग आलं: गेल्या महिन्याचं गॅसचं बिल,
अक्षर न् अक्षर शाबूत,
दंडासकट.