घरघर

ओस्त्रावा, सातवा मजला, फेब्रुवारी.
खाली ट्राम वळणावर किंचाळते.
वर बोहुमीर अ‍ॅम्प्लिफायर उताणा घालून बसलाय,
कासवासारखा.

पत्रा रोलिंग मिलमधला, मिल बंद झाली त्या वर्षीचा.
भोकं हातानं पाडलेली, एकही ओळीत नाही.
ट्रान्सफॉर्मर मेव्हण्यानं तळघरात गुंडाळला होता,
फेरे तोंडानं मोजत;
आठशेच्या पुढे कुणीतरी दार वाजवलं,
त्यानंतरचा आकडा अंदाजाचा.

वायर काढली तरी आत साडेतीनशे व्होल्ट
दबा धरून असतात.
म्हणून डावा हात खिशात.
हा नियम शिकवणाऱ्या फोरमनला
डाव्या हाताची दोन बोटं नव्हती
(ती लेथनं नेली होती,
पण नियम पटायला तेवढं पुरलं).
उजव्या हातानं रेझिस्टर टेकवला की
काटा उतरत जातो:
तीनशे, नव्वद, अकरा,
चार.
मग कुठे त्याचा जीव भांड्यात पडतो.

जुने कपॅसिटर दोन. अंगठ्याहून जाड,
डोकी फुगलेली, बुडाशी तपकिरी खरकटं.
बत्तीस वर्षं यांनी विजेच्या लाटा पोटात घातल्या,
आताशा पोटात काही राहीना.
त्या लाटांचीच ती घरघर,
रेडिओ लागो न लागो, स्पीकरमधून यायची.
शब्दात घर दोनदा आहे
आणि या घराला खोल्याही दोनच;
दोन्हींत ती सारखीच ऐकू यायची.

नवे कपॅसिटर निम्म्या उंचीचे, क्षमता दुप्पट.
बोहुमीरला यात थोडा अपमान वाटतो.
अधिक कुठे, उणे कुठे, तो तीनदा बघतो.
एकदा उलटा लावला होता;
त्या फटाक्याचे कागदी कपटे
दिव्याच्या शेडमध्ये अजून आहेत,
रादोमिला झाडू देत नाही.

सोल्डर वितळतं, राळेचा धूर चष्म्यावर.
हाच वास तिच्या गजालाही येतो.
पाइनच्या झाडानं या संसारात
दोन्ही बाजूंना नोकरी धरलीय.

सात वीस.
व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी होतात.
तो स्पीकरला कान लावतो.
काही नाही.
वायर निघाली असेल.
नाही, लागलेली आहे.
पुन्हा कान. आता स्वतःच्या कानातलं रक्त तेवढं ऐकू येतं.

पलीकडून रादोमिला:
“बंद का केलास?”
“चालूच आहे.”
“मग मी लावू कशावर?”

चेलोची तिसरी तार
ती इतकी वर्षं त्या घरघरीवर लावत आली,
बाकीच्या तिन्ही तिच्यावरून.
विजेचा खर्ज. न चुकता, न मागता.
हे त्याला आज कळतंय.

पेचकस हातात तसाच. तोंडी हिशेब:
भिंतीतली वीज पन्नास, गाळून निघताना शंभर.
तारेला हवेत अठ्ठ्याण्णव.
दोनच कंप जास्त.

खाणकामगारांच्या वाद्यवृंदात
तीन कंडक्टर आले, निवृत्त झाले,
तिघांनी तेच सांगितलं: बाई, तुमचं चढं लागलंय.
ती चेलो घरूनच लावून न्यायची.
ओबोवर तिचा विश्वास नव्हता,
कंडक्टरांवर तर नव्हताच.

तो दारात जाऊन उभा राहतो. सांगावं?
सांगतो.

ती बराच वेळ खुंटीकडे बघते.
मग नखाएवढी सैल करते.
गज टेकवायच्या आधी एक श्वास घेते.
तो श्वास त्यानं या घरात
पहिल्यांदा ऐकला.

“उतरलेलं वाटतंय.”
“आता हेच बरोबर.”
“म्हणजे ते तिघं बरोबर होते?”

तो उत्तर देत नाही,
टेबलाशी येऊन बुडाचा पत्रा लावायला घेतो.
चार भोकं, चार स्क्रू,
आवळून होतात.

टेबलावर पाचवा उरलाय.
कुठला ते कळत नाही.
आणि सगळं तर चालू आहे.